मागच्या सीटखालची तार

मी त्या संध्याकाळी घरून निघालो तो फक्त एक तार तोडायला. खिशात पक्कड, एक पाना आणि अर्धी विझवलेली बिडी, एवढंच सामान. बायकोने विचारलं, कुठे निघालात, तर म्हटलं, लटारूभाऊंच्या गाडीचं थोडं काम आहे, दिवेलागणीपर्यंत येतो. पंचवीस वर्षं मिस्त्रीकाम केलेल्या माणसाला एक तार तोडायला कितीसा वेळ लागणार?

पण आधी ती तार कसली ते सांगायला हवं. वीज काही इतक्यात येत नाही, आणि कंदिलात तेल भरपूर आहे.

आमचं गाव नागभीडपासून सहा कोसांवर, तलावाला टेकून. अर्ध्या गावाचं पोट तलावातल्या मासोळीवर, अर्ध्याचं धानावर, आणि माझं एकट्याचं त्या दोघांच्या गाड्यांवर. लटारूभाऊ ढिवर. नवरा-बायको पहाटे जाळं ओढायचे आणि मासोळीची पाटी घेऊन बाजाराला जायचे, आज तळोधी, उद्या नागभीड. त्यासाठी त्यांनी एका मास्तरांकडून जुनी मोटारसायकल घेतली होती. दोन सायलेन्सरची, गिअर आणि किक एकाच दांडीची. तिच्या वेळच्या बाकीच्या गाड्या पॉइंटवाल्या, ही मात्र शेवटी शेवटी निघालेली, इलेक्ट्रॉनिक इग्निशनची. म्हणजे सीटखाली बिडीच्या बंडलाएवढी एक काळी डबी. आम्ही तिला सीडीआय म्हणतो. प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ही डबी ठरवते. पॉइंट म्हणजे ठिणगी जुळवणाऱ्या दोन उघड्या टिकल्या, त्यांचं दुखणं डोळ्यांना दिसतं, पॉलिश पेपरने घासलं की बरं होतं. या डबीचं काहीच दिसत नाही. ती उघडताही येत नाही, आतलं सगळं डांबरासारख्या मसाल्यात गाडलेलं असतं. अशी गाडी रुसली की बाकीचे मिस्त्री सरळ डबी बदलायला सांगतात. मी नाही सांगत. मी आधी बिमारी शोधतो. हा माझा गर्व होता आणि गावाने तो लाडाने पोसला होता.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात लटारूभाऊ आणि त्यांची बायको रुखमाबाई ती गाडी ढकलत माझ्या दुकानासमोर आले.

"चालूच नाई होऊन राह्यली गा, इस्तारी," लटारूभाऊ दुपट्ट्याने घाम पुसत म्हणाले. "घरी पन्नास किका मारलो. अना बजारातून येताना तिसऱ्या किकमंधी चालू होते. बाईमानसासारखे नखरे आहेत हिचे."

"बाईमानसावर काऊन जाता?" मागून रुखमाबाई म्हणाल्या. "नखरे तुमचेच कमी आहेत का?"

मी कामाला लागलो. प्लग काढला, रंग चांगला. पेट्रोल येत होतं. कार्बोरेटर उघडून जेट फुंकली. मग प्लग इंजिनाच्या डोक्यावर टेकवून किक मारली, तर ठिणगीच नाही. कॉइल बदलून पाहिली. मॅग्नेटजवळचा पिकअप मीटरने तपासला. सगळं ठीक, आणि ठिणगी मात्र नाही. दुपार झाली. लटारूभाऊ कंटाळून चहाला गेले. माझ्या बाकड्यावर टायर रचलेले होते, म्हणून रुखमाबाई गाडीच्याच मागच्या सीटवर टेकल्या. मी वैतागून किक हाणली आणि प्लगवर निळीशार ठिणगी चटकन उडाली.

"बाई, उतरा बरं."

त्या उतरल्या. ठिणगी नाही.

"बसा."

बसल्या. दोन-तीनदा हालल्यावर ठिणगी आली.

"आता उतरा."

"मिस्त्री, मले झुल्यावर बसवून राह्यले का तुम्ही?" त्या हसत म्हणाल्या.

बिमारी सापडली होती. डबीची अर्थिंगची तार मागच्या सीटखालून गेलेली, आणि वरचं प्लास्टिक धड असलं तरी आतून ती तुटलेली. मागे कोणी बसलं की सीटचा पत्रा तारेवर दाबायचा आणि तुटकी टोकं जुळायची. वजन उठलं की ठिणगी बंद. रुखमाबाई अंगाने अगदी काडी, म्हणून त्यांना नीट दाबून बसावं लागायचं. एखाद्या जाड्या माणसाने टेकताच काम झालं असतं. मी त्यांना समजावून सांगितलं आणि पक्कड उचलली. दहा मिनिटांत नवी तार जोडली असती.

"राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. चहाच्या टपरीकडे त्यांनी एकदा पाहून घेतलं. "हे रोज संध्याकाळी एकटेच तळोधीले जातेत मोहाची प्यायले. मी बसल्याबिगर गाडी चालूच नाई झाली तं कुठी जातीन?"

मला इतकं हसू आलं की मी सीट तशीच लावून टाकली. पुढची दोन वर्षं हे गुपित आम्हा दोघांत राहिलं. लटारूभाऊंची मोहाची वारी बंद पडली. ते गावभर सांगायचे की गाडीला दिव्यानीच्या मायचं याड लागलं आहे, ती बसल्याशिवाय हलत नाही, आणि घरी पोचून ती उतरली की आपोआप बंद होते. दिव्यानी ही त्यांची एकुलती पोरगी, गडचांदूरला दिलेली. आमच्याकडे त्या वयाचा नवरा बायकोला नावाने हाक मारत नाही. 'अव' म्हणायचं, 'व' म्हणायचं, फार तर पोरीची माय. इतक्या वर्षांच्या शेजारात 'रुखमा' हा शब्द मी लटारूभाऊंच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता.

नव्व्याण्णवच्या आश्विनात रुखमाबाईंना हिवताप आला, तो डोक्यात गेला आणि चार दिवसांत त्या गेल्या.

तेरवीला मी गेलो. मंडपात पंगत बसली होती. गाडी घरामागे निंबाखाली उभी होती, सीटवर पाला साचलेला. मला वाटलं, आता हा माणूस एकटा बाजाराला कसा जाणार? कोणी पाहत नाही असं बघून मी सीट उचलली, तुटकी तार काढली, नवी घालून स्क्रू घट्ट आवळला आणि पंगतीला जाऊन बसलो. कोणाला सांगितलं नाही. बाईंचं गुपित त्या गेल्यावर फोडावं असं वाटेना. आणि लटारूभाऊंना सांगणार तरी काय? तुमची बायको तुमच्यावर पहारा ठेवून होती आणि मी तिला सामील होतो?

तेव्हाच सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. हे मी आज कितीदा जरी म्हटलं तरी त्याचा उपयोग नाही.

चौथ्या दिवशी सकाळी लटारूभाऊ दुकानात आले ते गाडीवर बसून. दाढी वाढलेली, डोळे मात्र लकाकत होते.

"इस्तारी, हे गाडी मी इकाले काढलो होतो," ते म्हणाले. "काल ढकलत नेलो. हे एकट्यानं चालू होत नाई, मालूम आहे मले, म्हणून किकही नाई मारलो. तलावाच्या पाळीवर गेलो तं दम लागला. दिवस बुडून राह्यला होता. कोणी नाई. मले रडू आलं गा. मी मांगल्या सीटवर हात ठेवलो अना म्हणलो, बस ना व, चाल घरी. किक मारलो. अर्ध्या किकमंधी चालू, इस्तारी! अर्ध्या!"

मी हातातला पाना तसाच धरून उभा राहिलो. अर्ध्या किकमध्येच होणार होती ती, नवी तार होती. पण महिनाभरात त्या माणसाचा चेहरा पहिल्यांदा माणसासारखा दिसत होता.

"चांगलं झालं, भाऊ," मी म्हटलं.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, गाडी घेऊन जायचे. हँडल धरून मान थोडी मागे वळवून बोलत जायचे. बायाबापड्या डोळे पुसायच्या. पोरं सुरुवातीला हसायची, मग हसेनाशी झाली. गाडी महिनाभरात तीनदा माझ्याकडे आली. मागचा टायर दोन वर्षांत झिजला नव्हता तेवढा दोन आठवड्यांत झिजला. मागच्या दोन्ही शॉकअपातून तेल गळत होतं. चेन ढिली. पेट्रोल दुप्पट पीत होती.

"काय भाऊ, धानाची पोती वाहता का गाडीवर?" मी थट्टेने विचारलं.

"आम्ही दोघंच तं असतो," ते म्हणाले.

मी जुन्या स्प्रिंगांना दोष दिला आणि रस्त्याला दोष दिला. बिमारी शोधणारा मी, पण या वेळी मला ती शोधायचीच नव्हती.

मार्गशीर्षात दिव्यानी माहेरी आली. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती दुकानात आली आणि बाकड्यावर बसून रडायला लागली. अगदी आईसारखी, अंगाने तशीच काडी.

"काका, बाबा दोन ताटं वाढतेत," ती म्हणाली. "एक मायचं. सकाळी ते रिकामं असते."

"मांजर खात असन."

"दार लावून असते, काका. अना बाबा पाहा कसे झाले, बरगड्या मोजून घ्या. जाळं सोसायटीले देऊन टाकले. डोंगा झिंगूकाकाले दिले. मी इचारली तं म्हणतेत, तुयी माय म्हणते पुनवेले दोघंही पाण्यात जाऊ. पुनव परवा आहे." तिने माझा हात धरला. "ते गाडी चालू होते म्हणून त्याईले वाटते माय बसली आहे. तुमचंच आयकतेत ते. सांगा ना काही."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. पहिली तार, तिच्या आईचं गुपित, तेरवीच्या दिवशीची नवी तार. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मंग तोडा ते तार," ती म्हणाली. "आजच. त्याईच्या समोर तोडा. माय नाई म्हणून रडू द्या त्याईले, पण जित्ते राहू द्या."

तर असा मी निघालो, पक्कड घेऊन.

थंडी पडायला लागली होती. धानाच्या बांध्यांमधली कापणी झालेली, रचलेल्या पेंढ्यांचे पुंजणे उभे होते. पाळीवर लटारूभाऊ एकटे बसले होते. शेजारी गाडी स्टँडवर. सूर्य पलीकडच्या जंगलाला टेकलेला, पाणी अगदी स्थिर. कडेच्या शिंगाड्याच्या वेलींवर एक बगळाही नव्हता, आणि त्या वेळेला तिथे बगळे नाहीत असं मी कधी पाहिलेलं नाही.

"भाऊ, मले एक सांगाचं आहे," मी म्हटलं.

सांगितलं. उभ्या उभ्या, न थांबता, त्यांच्याकडे न पाहता. ते शांतपणे हसले.

"तुले वाटते, इस्तारी. तुया तारेनं नाई होत ते."

"मंग पाहा."

मी सीट उचलली. माझी घातलेली तार दाखवली. पक्कडीने दोन्हीकडून तोडली आणि चार बोटं लांब तुकडा काढून खिशात टाकला. म्हणजे आता कोणी कितीही दाबून बसलं तरी जुळायला काही शिल्लकच नव्हतं. सीट लावली, गाडी स्टँडवरून काढली, वर बसलो, चावी फिरवली आणि किक मारली.

काही नाही. पुन्हा मारली. नाही. मी मोजून बारा किका मारल्या. इंजिन नुसतं फुसफुसत होतं. बाराव्या किकेनंतर लटारूभाऊंकडे पाहिलं तर ते जमिनीवर बसले होते. डोकं गुडघ्यांत, खांदे हलत होते. त्या माणसाची बायको दुसऱ्यांदा मेली होती आणि या वेळी ती मी मारली होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

"चला भाऊ, घरी," मी म्हटलं. "दिव्यानी वाट पाहून राह्यली."

त्यांनी मान वर केली नाही. गुडघ्यांतूनच, लहान पोराने हट्ट धरावा तशा आवाजात म्हणाले,

"बस ना व... एकदा बस ना..."

मी अजून गाडीवरच होतो. उजवा पाय जमिनीवर, डावा किकवर टेकलेला.

माझ्या मागची सीट खाली गेली.

हळूहळू गेली. अंगाने जड माणूस दोन्ही हात टेकून सावकाश बसतो तशी. शॉकअप कुरकुरले. हातातलं हँडल एकदम हलकं झालं, पुढचं चाक जमिनीला जेमतेम टेकून राहिलं. आणि माझा पाय... मी किक मारली की किकच माझ्या पायाखालून गेली, हे मला आजही सांगता येत नाही. अर्धीच गेली. गाडी चालू झाली.

चार बोटं तार माझ्या खिशात होती. मांडीला ती टोचत होती.

लटारूभाऊ ताडकन उठले. चेहऱ्यावर असा आनंद की मला क्षणभर भीतीचा विसर पडला. "पाह्यलं? पाह्यलं ना, इस्तारी?" म्हणत ते दोन पावलं पुढे आले आणि थांबले. त्यांची नजर माझ्या मागे होती, पण सीटच्या वर नव्हती. ती खाली होती, स्प्रिंगांवर. आजवर दरवेळी ते स्वतः गाडीवर असायचे. बाजूला उभं राहून ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मीही मान न वळवता, नुसती खाली घालून पाहिलं. मडगार्ड टायरला घासत होतं.

मासोळीच्या पाटीसकट आपल्या बायकोने गाडी किती दबते, हे वीस वर्षं तिला सायकलीवर, मग गाडीवर घेऊन फिरलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पुसला गेला.

"इस्तारी..." ते म्हणाले. "हे रुखमा नोहे."

ते नाव पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघालं होतं.

इंजिन मंद चालू होतं. त्या आवाजाखाली मला माझ्या मानेजवळ ओला, थंड वास आला. मे महिन्यात तलाव आटतो तेव्हा तळाचा गाळ उघडा पडतो, त्याचा वास. मार्गशीर्षात, भरल्या तलावाच्या काठी.

"हळूच उतर," लटारूभाऊ म्हणाले. "मांगं नको पाहू... पाय उचल अना उतर."

मी उतरलो. ते पुढे आले आणि त्यांनी हँडल धरलं. मी बाजूला झालो. माझं वजन उतरलं तरी मागची सीट केसभरही वर आली नव्हती.

"मी नाव नाई घेतलो ना," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "त्या दिशी. नुसतं बस म्हणलो. कोणाले म्हणलो ते नाई म्हणलो."

"भाऊ, गाडी सोडा इथीच. पळू आपण."

"दोन महिने याले मी जेवू घातलो, इस्तारी. घरात झोपवलो. मले पाण्यात बलावत होतं ते हेच." ते गाडीवर बसले. इतके शांतपणे बसले की मला त्यांचा हात धरायचंही सुचलं नाही. "इथी सोडलो तं कोणाच्याबी मांगं बसन. घरी मायी पोरगी आहे."

"भाऊ..."

"तिले सांग, बाबा मायकडे गेले. असंच सांगजो."

पाळीवरून पाण्यात उतरणारी एक उतरण आहे, बैल धुवायची. गाडी तिच्यावरून सरळ गेली. दिवा लागलेला होता. पाणी चाकांना लागलं, इंजिनाला लागलं, सीटच्या वर आलं आणि लटारूभाऊंच्या खांद्यांवर आलं, तरी इंजिन बंद पडलं नाही. पाण्याखाली दिवा पिवळा होऊन खाली खाली जाताना दिसला. आवाज मला पायांतून कळत होता. मग तोही थांबला.

मला पोहता येतं. आमच्या गावात सगळ्यांनाच येतं. लोकांना मी सांगितलं की पाणी गार होतं आणि खोल होतं. पण खरं हे की मी उतरलो नाही. मी गावाकडे पळालो.

सकाळी ढिवरांनी त्यांना काढलं. दुपारी गाडी काढायला आठ जण दोर घेऊन उतरलो, त्यात मीही होतो. गाडी हलेना. झिंगू म्हणाला, गाळात रुतली आहे. बैलजोडी लावली, तेव्हा वीत वीत करून ती सरकायला लागली. आणि काठाला लागली तेव्हा, कमरेइतकं पाणी असताना, ती एकदम हलकी झाली. दोराला जोर लावून ओढणारे आम्ही आठही जण उताणे पडलो. बैल बिचकून दोर तोडून पळाले. लोक हसले. मी गाडीकडे पाहिलं. मागच्या स्प्रिंगा पूर्ण वर आलेल्या होत्या. गाडी घसरून पाण्यात गेली, असं कागदावर लिहिलं गेलं आणि मी त्याखाली सही केली.

तेरवी झाली. दिव्यानीला मी निरोप सांगितला होता, तिच्या बापाच्याच शब्दांत. बाकीचं सांगितलं नाही. ती तारेचं एकदाही बोलली नाही. कदाचित तिला वाटत होतं की मी तार तोडली म्हणूनच बाप गेला, आणि तिला तसं वाटत असेल तर मी तरी काय सांगणार होतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गडचांदूरच्या गाडीसाठी फाट्यावर सोडायचं होतं. मी माझी मोपेड काढली. पोरीचं वजन ते किती, आणि हातात एक कापडी पिशवी. ऊन छान पडलं होतं. रस्त्याने मी समोरच्या खड्ड्यांवर नजर ठेवून चालवत होतो. फाट्याच्या अलीकडे एक छोटा चढ लागतो. मोपेड रडायला लागली. पूर्ण रेस दिली तरी ती पाऊल पाऊल चढत होती. मी पायडल मारायला लागलो. मांड्या भरून आल्या, कपाळावर घाम आला. अर्ध्या चढावर माझा दम संपला.

"दिव्यानी," मी मान न वळवता म्हटलं, "थोडी उतर व बाई. चढत नाई गाडी."

उत्तर आलं ते मागून, बरंच लांबून, चढाच्या पायथ्यापासून.

"काका, मी तं खालीच उतरली ना."